खालाचं स्वयंपाकघर

स्टीलच्या पेल्याला टेकवलेला मोबाईल जरासा घसरला, आणि अम्मीने तो पुन्हा नीट उभा केला — जणू नीट उभा केल्यावर कोऱ्या पडद्यावर तिची बहीण दिसणारच होती. पडद्यावर इंग्रजीत एवढंच होतं, की कायदेशीर विनंतीनुसार हे पान भारतात उपलब्ध नाही. विनंती म्हणे. परवेजने ते वाचलं आणि चहाचा घोट घेतला.

"क्या लिखेला है रे?" अम्मीने विचारलं.

"नेट नै, अम्मी. रेंज नै आ रई."

नेट चांगलं धावत होतं... खाला, अम्मीची ही बहीण, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कराचीला गेली, तिथल्या चुलतभावाशी. आधी पत्रं यायची, मग फोन. मग एका फोनपायी अब्बांना पोलीस चौकीच्या बाकड्यावर दिवसभर बसवून ठेवलं, तेव्हापासून फोन घरच्यांनीच बंद केला. उरलं होतं ते फेसबुकवरचं खालाचं स्वयंपाकघर. सून मोबाईल धरायची आणि खाला जालन्याचंच रांधायची — ज्वारीच्या कण्या घालून अंबाडीची भाजी, खिचडी, खट्टा. बघणारे जेमतेम. अम्मीला लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक व्हिडिओखाली परवेजने तिच्या वतीने अंगठा दाबायचा, आणि पुढच्या व्हिडिओत खाला, कुणाचंही नाव न घेता, कढईत बघत म्हणायची, "जालने का अंगूठा आया, अल्ला का शुक्र." दोन बहिणींचं एवढंच बोलणं. त्या अंबाडीच्या भाजीपासून देशाला धोका होता.

रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळ्यांसमोर उभं राहून त्याने त्या न पाहिलेल्या साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या — कुठल्या एसीत बसून, कुठल्या यादीवर बोट ठेवून बंद केलंस रे माझ्या आईचं... पण शिव्या फार लांब जाईनात. मध्ये बंदीआधीची एक संध्याकाळ आडवी आली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेंभुर्णीचा भागवत पाठीमागून डोकावून हसत म्हणाला होता, "काय परवेजभाई, पाकिस्तानचं जेवण बघून राह्यले का?" आणि हसता हसता आपली अर्धी भाकरी त्याच्या डब्यात ठेवली होती. माणूस वाईट नाही. पण त्याच संध्याकाळी परवेजने रस्त्याकडेला गाडी लावली आणि गेल्या काही वर्षांतले सगळे अंगठे एकेक करून काढून टाकले. नंतरही अम्मी व्हिडिओ बघून विचारायची, "दबाया?" तो म्हणायचा, "दबाया." खाला आता अंगठ्याचं नाव घेत नसे; सुनेने सांगितलं नसेल, असं तो अम्मीला सांगायचा. बंदी त्यानंतर आली. सरकारला निदान विनंती तरी करावी लागली. मला एक हसणं पुरलं.

आज भागवतनेच विचारलं, तोंड का उतरलंय म्हणून. त्याने सांगितलं.

"मावशी व्हय? आधी सांगायचं ना राव!" भागवत खरोखर वरमला. "मंग ते व्हीपीएन टाका की. बंदी असलेलं समदं दिसतंय त्याच्यात. आमचं पोरगं वापरतंय, काय होत न्हाई."

तुमच्या पोराला काय होत न्हाई, भागवत — हे तो बोलला नाही. मान हलवून पुन्हा सळ्यांकडे गेला.

घरी अम्मी लसूण सोलत बसली होती. मोबाईल तिने मागितलाच नाही.

"मेरेकू नै देखना हो उसकू," ती म्हणाली. "वो अच्छीच होगी. पर मैं है करके उसकू कैसा मालूम होना? अंगूठा नै गया तो मेरा चालीसवाँ करके बैठेगी वो."

एक अंगठा नाही, अम्मी. सगळे. एका संध्याकाळी जालना तिथून पुसलं गेलं. सुनेने दाखवलंच असेल, खाला रडली असेल, चाळिसाव्या दिवसाचं जेवणही कदाचित लोक जेवून गेले असतील... आणि ही इथे जिवंत बसलीय, लसणाची सालं फुंकत. तिकडे मी मारली हिला. मी, परवेजने, स्वतःच्या बोटाने.

त्याने मोबाईल काढला. ते व्हीपीएनचं ॲप समोर आलं, खाली 'इन्स्टॉल'चं हिरवं बटण. खोलीत अम्मीशिवाय कुणी नव्हतं, तरी त्याने वळून दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, गल्ली रिकामी होती, ना पोलीस, ना भागवत. कुणीतरी असायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं — कुणी असतं, तर बोट कुणाच्या भीतीने थांबलंय ते निदान सांगता आलं असतं...