पाठीमागचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या गळ्यातला नव्हे आणि विजारीवरचाही नव्हे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या डोंगरात एक हिरवा पिकअप ट्रक आहे, त्यातल्या चालकाच्या सीटचा मी पट्टा. माणसाच्या छातीवरून आडवे जायचे आणि संकटात त्याला घट्ट धरायचे, एवढ्यासाठी माझा जन्म. पण कितीतरी वर्षे माझ्या वाट्याला छाती आलीच नाही. वाट्याला आली ती पाठ, तीही घामेजलेली आणि चौकडीच्या सदऱ्यातली.

एका कारखान्यात मला विणले, तापवले, काळा रंग दिला आणि तुटतो का ते पाहायला यंत्राने ताण ताण ताणले. मी तुटलो नाही. मग दाराशेजारच्या खांबात एका अंधाऱ्या चकरीवर मला गुंडाळून बसवले. आमच्या जातीचा स्वभाव त्या चकरीतच आहे. हळू ओढा, मी मुकाट्याने येतो. हिसका मारा, मी जागचा हलत नाही.

माझी पहिली मालकीण ऑल्डरिचबाई. त्या शाळेत मुलांचा स्वयंपाक करत. रोज सकाळी "चल बाबा, धर मला" असे म्हणून त्या मला ओढत. एकदा धुक्यातून म्हशीहून उंच मूस हरीण अचानक रस्त्यावर आले. बाईंनी ब्रेक दाबला, ट्रक गरकन फिरून झाडाला टेकला, आणि मी त्यांना असे धरले की खांद्यावर काळानिळा वळ उठला. बाहेर आल्यावर त्यांनी मला थोपटले. "चिमटा जोरात काढलास, पण सोडलं नाहीस," त्या म्हणाल्या. ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत. पुढे त्यांची नजर अधू झाली, आणि ट्रक वेंडल पिंकमकडे गेला.

वेंडल मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक विकायचा आणि हिवाळ्यात लोकांच्या करवती दुरुस्त करायचा. आमच्या राज्यात मोठ्या माणसाने पट्टा लावलाच पाहिजे असा कायदा नाही; अठराच्या आतल्यांना मात्र आहे. आमच्या नंबराच्या पाटीवरच 'मुक्त जगा, नाहीतर मरा' असे राज्याचे ब्रीद आहे. गंमत म्हणजे ती पाटी तुरुंगातले कैदी बनवतात. तिचे आणि माझे म्हणून चांगले जमते.

पट्टा लावला नाही की ट्रक टिंगटिंग करून डोके उठवतो. वेंडलने पहिल्याच दिवशी त्यावर तोड काढली. माझे टोक बक्कलात अडकवले आणि मला पाठीमागे टाकून तो सीटवर बसला. ट्रक फसला आणि टिंगटिंग बंद झाली. मी मात्र त्याच्या पाठीत आणि सीटमध्ये चिणला गेलो. मला सर्वांत जास्त भीती वाटायची ती वळणांची. काही झाले तर मी जागा असेन, धडधाकट असेन, आणि मला त्याला धरता येणार नाही, हे मला कळत होते. पहारेकऱ्याचे हात बांधून त्याला दारात उभे करावे, तशी माझी गत झाली होती.

तरी माणूस वाईट नव्हता, आणि त्याचे बोलणे तर मला मनापासून आवडायचे. शेजारी त्याचा मित्र गॅस्टन बसला की तोंडाचा पट्टा सुटलाच म्हणून समजा.

"आमची लुसील स्वयंपाकघरात शेजाऱ्यांचे केस कापते," वेंडल म्हणायचा. लुसील म्हणजे त्याची बायको. "आजवर कुणाचा कान तुटला का? पण चार पैसे घेतले की ती गुन्हेगार! का, तर परवाना नाही."

"माझा एका बाजूचा कल्ला उडवला होता तिने," गॅस्टन म्हणायचा.

"तू मान हलवलीस, म्हणून! आणि हेच सरकार हायवेवर स्वतःची दारूची दुकानं चालवतं. बाटली विकताना माझी काळजी नाही, आणि गाडीत बसलो की लगेच माझी आई होतं!"

कर कमी हवेत, पोरांना कुठल्या शाळेत घालायचे ते आईबापांनी ठरवावे, दुसऱ्याला इजा होत नसेल तोवर माणसाला त्याच्या मर्जीने जगू द्यावे, असे त्याचे म्हणणे. त्यातले बरेचसे मला पटायचे. पण पाठीमागून पटते हे सांगणार कसे?

मग एका मार्च महिन्यात, गावाच्या वार्षिक सभेत, मोठ्यांनाही पट्टा सक्तीचा करावा असा विषय निघाला. वेंडल उठला आणि म्हणाला, "आईने सांगितलं तर मी ऐकेन. बायकोने सांगितलं तर ऐकल्याचं नाटक करेन. पण सरकारने सांगितलं तर मुळीच नाही!" हशा आणि टाळ्यांनी सभागृह दणाणले, आणि गॅस्टनने त्याला राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीला उभेच केले. घरोघरच्या अंगणात पाट्या रोवल्या गेल्या: 'माझा पट्टा, माझी मर्जी'.

त्या पाट्या लागल्या आणि वेंडलची मर्जी संपली. एप्रिलातल्या एका दिवशी रस्ता बर्फाने काचेसारखा झाला होता. ट्रक दोनदा घसरला. वेंडल घाबरला, पाठीतून मला त्याचे काळीज धडधडताना कळत होते. त्याने बाजूला थांबून हात मागे घातला, माझे टोक सोडवले आणि मला अर्धे पुढे आणले. तेवढ्यात समोरून कुणाची तरी गाडी आली. त्या माणसाने काच खाली करून "माझा पट्टा, माझी मर्जी!" अशी आरोळी ठोकली. वेंडलने हसून त्याला हात केला आणि मला पुन्हा पाठीमागे कोंडले.

घरी आल्यावर लुसील ट्रकच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "अरे, माझ्यासाठी तरी पट्टा घाल."

"आता कसा घालू? पाट्या छापल्यात."

"वा रे मोकळा माणूस! गाडीत बसायला पाट्यांची परवानगी लागते तुला."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळले की त्या सीटवर मी एकटाच अडकलेलो नाही.

माझे सुखाचे दिवस आणले ते त्यांच्या मुलीने, मार्नीने. ती याच ट्रकवर गाडी शिकली, आणि अठराच्या आत असल्याने मला रोज तिच्या छातीवर जागा मिळाली. पण ऑक्टोबरात, ऐन प्रचारात, तिचा अठरावा वाढदिवस आला. त्या दुपारी चर्चच्या तळघरात शिजवलेल्या घेवड्याची गावपंगत होती आणि तिथेच उमेदवारांची चर्चा होती. मार्नी बापाला घेऊन जायला चालकाच्या सीटवर चढली. वेंडलने मला जसे ठेवले होते तसेच पाठीमागे ठेवून ती ऐटीत बसली. वेंडल शेजारच्या सीटवर बसला.

"आजपासून मीही मोकळी!"

"झकास!" गॅस्टन अंगणातून फोन रोखत ओरडला. "बाप-लेक, दोघंही मोकळे! हे आज गावभर पाठवतो. वेंडल, जरा हस की."

वेंडलला हसू आले नाही. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"मार्नी, पट्टा घाल."

"कुणाचा हुकूम? सरकारचा?"

"माझा."

"अठराची झालेय मी, बाबा. हुकूम मानायचा नाही, हे तूच शिकवलंस ना?"

"बरं, हुकूम नाही. विनंती समज."

"मग माझी मर्जी," असे म्हणून तिने किल्ली फिरवली.

मी मागे तळमळत होतो. पुढे उतारावर ओल्या पानांचा थर होता. आणि तेव्हा वेंडलने शेजारच्या सीटचा पट्टा, माझा भाऊ, पकडून हिसकला. तो अडला. पुन्हा हिसकला, पुन्हा अडला. यांत्रिक करवत उघडून जोडणारा माणूस, पण पट्टा ओढायची सवयच नव्हती त्याला.

"अरे बाबा, हिसका नको मारूस," मार्नी न राहवून म्हणाली. "हळू ओढ. येतो तो."

त्याने हळू ओढला. टिक् असा आवाज झाला.

"वेंडल!" गॅस्टन किंचाळला. "कॅमेरा चालू आहे!"

"असू दे चालू."

मार्नीने ट्रक पुढे काढला. आवार संपले. गल्लीच्या तोंडाशी, टपालपेटीपाशी, ती थांबली. मग तिचा हात मागे आला, आणि मी तिच्या खांद्यावरून पुढे आलो.

"सरकारसाठी नाही हं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुझ्यासाठीही नाही. तू बांधून बसलास, मग मला एकटीला मोकळं बसायची भीती वाटली."

वेंडलने खिडकीकडे तोंड फिरवून नाक पुसले.

पंगतीला पोचताच, त्याला पट्ट्यात पाहून लोकांनी ट्रकपाशीच घेरले. मत बदलले का, असे विचारले. "मत तेच आहे," तो म्हणाला. "कायदा नकोच. पण गाडीत माझी लेक होती." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निवडणूक तो हरला. पट्ट्याने घात केला, असे गॅस्टन अजून म्हणतो. लुसील म्हणते, तो तसाही हरलाच असता. उरलेल्या पाट्या आता सरपणावर झाकण म्हणून आहेत.

पुढच्या वर्षी मार्नी शिकायला दूर गेली. तिला बसमध्ये बसवून वेंडल एकटाच ट्रकमध्ये आला. शेजारची सीट रिकामी होती. सवयीने त्याने माझे टोक पाठीमागून बक्कलाकडे नेले, आणि मी मनातल्या मनात पुन्हा अंधाराची तयारी केली. तेवढ्यात गॅस्टनची गाडी भोंगा वाजवत समोरून आली. वेंडलने त्याला एक हात उंचावून दाखवला. दुसरा हात माझ्यावरच होता. त्या हाताने, गॅस्टनच्या डोळ्यांदेखत, त्याने मला हळूच पुढे ओढले आणि छातीवर घेतले.

मित्रांनो, कायदा असावा की नसावा हा वाद मोठी माणसे खुशाल घालोत. मला मत नाही. माझी कड आता उसवली आहे, पण धरायची ताकद अजून आहे. तुमच्या घरी कुणी मला पाठीमागे कोंडून बसत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या शेजारी बसा, आपला पट्टा लावा आणि थोडी वाट बघा. हिसका मारला की मी अडतो. माणसेही अडतात.