परतीचं तिकीट

खरा पासपोर्ट घरी कपाटात होता. त्यावर स्पेनचा व्हिसा लागला होता, युरोही बदलून आणलेले होते. तरी कासिमिरा मावशी नेल्वाला बाजारात ओढत घेऊन आली. आलासितास जत्रेच्या दिवशी बाराच्या ठोक्याला ज्या गोष्टीची चिमुकली प्रतिकृती हातात असेल, ती वर्षभरात खरी होते, यावर ला पास शहरात कुणी वाद घालत नाही. मात्र ती दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते. स्वतःसाठी घेतलेली फळत नाही. इतकी वर्षं नेल्वाला आई द्यायची. आई ऑगस्टमध्ये गेली.

मावशीने बोटाएवढा पासपोर्ट आणि नोटांची गड्डी उचलली. "आणि माद्रिदचं तिकीट दे गं."

"परतीचं आहे?" नेल्वाने विचारलं.

दुकानवाली खो खो हसली. "परतीचं छापतंय कोण, पोरी? सगळ्यांना जायचंच असतं. हे घे माद्रिदचंच आणखी एक, उलटं धर!"

नेल्वाने ते घेतलं आणि पैसे स्वतःच दिले.

"नोव्हेंबरात यायचा बेत दिसतोय," मावशी बाजूला होत म्हणाली.

"मृतांच्या दिवशी आईचं ताट कोण मांडणार? तीन वर्षं मांडायचं असतं. एकच झालंय."

"का, मी मेले का? तुझी आई व्हायच्या आधी ती माझी बहीण होती. आणि नऊ महिन्यांत सुट्टी मागितलीस, तर जिला सांभाळायला चाललीस ती म्हातारी दुसरी बाई ठेवेल. मग बस इथंच, माझं डोकं खात."

परक्या म्हातारीला भरवायला जायचं आणि आपल्या आईचं ताट दुसऱ्याच्या हाती सोपवायचं, हे नेल्वाला कसंही मांडून पटत नव्हतं.

चर्चच्या घंटा सुरू झाल्या. यातिरीने, तिथल्या पुजाऱ्याने, निखाऱ्यांवर धूप टाकला, मंत्र पुटपुटू लागला. गर्दीने इवलाली घरं, मोटारी, पदव्या धुरात धरल्या. मावशीने आणलेलं सगळं नेल्वाच्या ओंजळीत ठेवलं. "मी दिलं हं. जा."

नेल्वाने दुसरं तिकीट तिच्या हातात खुपसलं. "हेही तूच दे. मी घेतलेलं चालत नाही."

मावशी तिकिटाकडे बघत राहिली. घंटा वाजतच होत्या. तिने ते धुरात नेलं नाही. शालीच्या आत, छातीशी ठेवून दिलं.

"हे पुढच्या वर्षी धुरात धरू. तिसऱ्या ताटाला ये. दुसरं ताट माझ्यावर सोड."

"पुढच्या वर्षी मी इथं नसेन."

"तुझ्या नावानं मी धरीन."

घंटा थांबल्या. दोघी गर्दीबरोबर उताराला लागल्या. चालता चालता नेल्वा सांगू लागली: आईच्या ताटातल्या सुपात शेंगदाणे न भाजताच वाटायचे, बटाटे वरून तळून घालायचे, वाटी काठोकाठ भरायची नाही. मावशीला हे सारं ठाऊक होतं. तिने एकदाही अडवलं नाही.