फेइ काकांचं बोलणं, जसंच्या तसं

चीनमधल्या सुचौ शहराच्या सांस्कृतिक केंद्रात फेइ त्सुमिंग यांनी उभा जन्म मुलांना कुंचल्याची अक्षरं आणि शाईतली चित्रं शिकवली. निवृत्त झाल्यावर केंद्राने त्यांना गळ घातली, की आता इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांसाठी एक वर्ग घ्या. काकांना इंग्रजीचा गंध नव्हता. म्हणून त्यांची पुतणी हुइशिन दुभाषी म्हणून शेजारी बसू लागली. ती एका प्रवासी कंपनीत होती. पाहुण्यांना खूश ठेवणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

वर्गात डोरीन नावाच्या एक निवृत्त नर्स होत्या, कॅनडाहून लेकाकडे राहायला आलेल्या. बांबूचं पान काढलं की त्या त्याच्यावरून पुन्हा कुंचला फिरवायच्या, कडा नीट करायच्या. काका वैतागून म्हणायचे, हे पान नाही, मलमपट्टी आहे. हुइशिन हसून इंग्रजीत सांगायची, की तुमचं काम फार निगुतीचं आहे, असं काका म्हणतात. डोरीनबाई खुलायच्या आणि आणखी दोन पानं गिरवायच्या.

एकदा काकांनी न राहवून त्यांच्या समोरचा कागदच उचलला. डोरीनबाईंना वाटलं, काकांना चित्र आवडलं. त्यांनी ते आनंदाने भेट देऊन टाकलं. तेव्हा काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

वर्ग सुटल्यावर थर्मासमधलं गरम पाणी चहाच्या पानांवर ओतत त्यांनी विचारलं, "पोरी, मी रागावतो तेव्हा तू का हसतेस गं?"

हुइशिनने मान खाली घातली. "काका, एवढ्या लांबून आलेत ते. दुखवायचं कसं?"

"लांबून आलेत म्हणूनच तर. रिकाम्या हाताने परत पाठवायचं का त्यांना? उद्यापासून माझं बोलणं जसंच्या तसं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी डोरीनबाईंचा कुंचला पुन्हा त्याच पानावर गेला. काका म्हणाले, "कुंचला उचलला, की पान झालं. चुकलं तर चुकलेलं राहू द्या. तुम्ही चित्र काढत नाही, चूक झाकताय."

हुइशिनने शब्दन् शब्द सांगितला. डोरीनबाईंनी विचारलं, की काका हे आधीही म्हणाले होते का? हुइशिनने लाजत सगळं सांगून टाकलं, मलमपट्टीसकट. बाईंना हसू आवरेना. आयुष्यभर तेच केलं, हाताला तेवढंच येतं, असं म्हणून त्यांनी विचारलं, मग हात थांबवायचा कुठे?

इतक्या दिवसांत काकांना पहिल्यांदाच खरा प्रश्न मिळाला होता. ते उठले, बाईंच्या मागे उभे राहिले, मनगट धरून कुंचला टेकवला, दाबला, आणि टोक निमुळतं होईतो उचलला. पुढे कागदामागून कागद बिघडले. बाईंनी एकही पान गिरवलं नाही.

मग एका सकाळी काकांनी लाल शाई घोटली आणि बाईंच्या कागदावरच्या एका पानाभोवती, मुलांच्या चांगल्या अक्षराभोवती काढायचे तसं, वर्तुळ काढलं. सगळे वाकून बघू लागले.

"एकच का, असं बाई विचारतायत," हुइशिन म्हणाली.

"लहानपणी मला पहिलं वर्तुळ मिळायला अख्खं वर्ष गेलं होतं. हे मात्र सांगू नकोस हं."

हुइशिनने तेही सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. वर्गात हशा पिकला. डोरीनबाईंनी डोळे पुसले आणि नवा कागद पसरला.