तळ्याकाठची मंडळी

"दुसरी साडी नव्हती का?" प्राध्यापक पाठकांनी जीपमधून उतरता उतरता विचारलं. "हा जांभळा रंग पक्ष्यांना कोसावरून दिसतो."

पुष्पावतीनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. ठेवणीतली एवढी एकच साडी होती तिची. नगरच्या इस्पितळात बारा महिने पांढरीच नेसायची. आज ती नको वाटली होती.

पाठक पायाच्या जखमेला ड्रेसिंग करून घ्यायला यायचे. पट्टी बांधता बांधता तिनं एकदा धीर करून विचारलं होतं, "तुमच्याबरोबर पाखरं बघायला येऊ का?"

"या की एखाद्या रविवारी," ते म्हणाले होते. बोलण्याच्या भरात म्हणाले असतील. तिनं मात्र ते मनाशी गाठ मारून ठेवलं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. क्वार्टरच्या खिडकीतून लिंबाच्या झाडावर एखादं नवं पाखरू दिसलं, तर ते सांगावं कुणाला? शेजारीण म्हणायची, "सिस्टर, झोपा जरा. ड्युटी करून आलात." पाखरांवर तासन्‌तास बोलणारी माणसं याच गावात आहेत, हे कळल्यापासून तिचा जीव तिकडे लागला होता.

विसापूरच्या तळ्यावर थंडीतलं कोवळं ऊन पसरलं होतं. पाठकांच्या पक्षिमंडळातले चौघे गळ्यात दुर्बिणी अडकवून बांधावर उभे राहिले. लांब उथळ पाण्यात पांढरी पाखरं चालत होती.

"केवढे बगळे आहेत," ती हळूच म्हणाली.

काकासाहेब वकील हसले. "बगळे? बाई, ते चमचे. चोच बघा."

"इथून दिसत नाही. दुर्बीण जरा देता?"

"ज्यानं त्यानं आपली आणायची, असा नियम आहे मंडळाचा."

"आधी थोडा अभ्यास करावा लागतो, सिस्टर," पाठक डोळ्यांवरची दुर्बीण न काढता म्हणाले. "ही काही सहल नव्हे. आणि जरा मागे थांबा. तुम्ही हललात की ते बिचकतात."

ती मागे सरली. मग आणखी मागे. शेवटी बांध उतरून पलीकडच्या दगडांकडे गेली. कुणी हाक मारली नाही.

तिथं गावातली कडूबाई धुणं धूत होती. तिनं पिळलेली लुगडी सरकवून जागा केली.

"बसा बाई. कुठल्या म्हनायच्या?"

"नगरच्या. पाखरं बघायला आले."

कडूबाई हसली, पण त्या हसण्यात काटा नव्हता. "रोजच असत्यात. आमाला बगाया सवड कुठं हाय?"

तरी ती हात पुसून टेकली. दोघी बघत राहिल्या. पांढरी पाखरं चरत चरत याच काठाला आली होती. पाण्यात चोच इकडून तिकडे घुसळत होती, आणि चोचीचं टोक पळीसारखं चपटं होतं. पुष्पावती दगडावरून पुढे वाकली.

एवढ्यात बांधावरून हॉर्न वाजला. जीप निघायला तयार होती.

"तुम्ही व्हा पुढे," तिनं उठून सांगितलं. "मी आगगाडीनं येईन."

कुणी आग्रह केला नाही. जीप वळली.

"त्ये पळीवानी चोचीचं काय म्हनायचं वो?" कडूबाईनं विचारलं.

"चमचा म्हणतात त्याला."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"आमच्या मंडळींनी," पुष्पावती म्हणाली, आणि धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.