पपनसाची उलटतपासणी

"आता पापड्या काय डोक्यावर वाळवू?"

बांबूची लांब चटई आडवी धरून कुंड्यांमधून अंग चोरत जाताना लुआ पुटपुटली. बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. पण तिचा नवरा फुओक दोन हातांच्या अंतरावर जाळं दुरुस्त करत बसला होता, त्यामुळे ऐकून न ऐकल्यासारखं करायचं काम त्याच्याकडे आलं.

"झाडांची आवड चांगली असते," तो जाळ्यालाच सांगत असल्यासारखा म्हणाला.

"चांगलीच असते. आपल्याकडे आहे कुणाला?"

यावर फुओकने जाळ्यातली एक गाठ उगाच सोडवली आणि पुन्हा मारली. तेवढ्यात चटईचं टोक डाळिंबाच्या फांदीला अडकलं. तांदळाच्या तीन ओल्या पापड्या निसटून गुलाबाच्या कुंडीवर जाऊन बसल्या, आणि काट्यांनी त्या सोडायला नकार दिला.

अंगणात चाळीस कुंड्या होत्या. त्यांपैकी एकही लुआने मागितली नव्हती. तिचे वडील, दियेन, दर गुरुवारी सकाळी केसांना तेल लावत, इस्त्रीचा सदरा घालत आणि होडी वल्हवत कालव्याच्या पलीकडे थोआबाईंच्या रोपवाटिकेत जात. तिथे फळ्यांवर मांडलेल्या रोपांसमोर उभं राहून ते दर वेळी तोच प्रश्न विचारत, "फुलझाड घेऊ की फळझाड?" थोआबाई दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा विचारात पडत. फुलझाड डोळ्याला बरं, पण फळझाड घराला बरं. फळझाडाला चार वर्षं थांबावं लागतं, पण फुलझाडाचे लाड फार. हा निवाडा व्हायला दोन-अडीच तास आणि चहाची एक किटली लागे. दुपारी होडी परत येई तेव्हा पुढच्या टोकाला एक कुंडी ताठ बसलेली असे, माहेराहून निघालेल्या नवरीसारखी.

गावात हे सगळ्यांना कळलेलं होतं. कोंबड्यांनाही कळलं असावं. पण कुणी बोलत नव्हतं, आणि लुआ तर मुळीच नाही. आई गेल्यावर पहिलं वर्ष बाबा झोपाळ्यात भिंतीकडे तोंड करून पडून असत. आपण एक शब्द काढला तर ते लाजतील, होडी बांधून ठेवतील आणि पुन्हा भिंतीकडे वळतील, ही तिची भीती. शब्द काढला नाही तर लवकरच पापड्या वाळवायला अंगण उरणार नाही आणि धंदा बसेल, ही दुसरी. तिसरीही एक गोष्ट होती. आईच्या तसबिरीपुढचं पाणी बदलताना हल्ली ती तसबिरीकडे बघत नसे.

आजचा गुरुवार नेमका पाचव्या महिन्यातल्या पंचमीला आला होता. सकाळी सगळ्यांनी पोटातले किडे मरावेत म्हणून आंबवलेल्या भाताचे गोड गोळे खाल्ले होते. होडी नेहमीपेक्षा लवकर परतली. पुढच्या टोकाला बोगनवेल होती आणि तिच्या मागे टोपी सावरत थोआबाई.

"पपनसाला बघायला आल्यात," दियेन घाईघाईने म्हणाले. "तीन वर्षं झाली, फळ नाही. म्हटलं, जाणतं माणूस आणावं."

थोआबाईंनी कोपऱ्यातल्या पपनसाला एक फेरी मारली. फेरी कसली, अर्धीच. बाकी अर्ध्यात कुंड्या होत्या, खोडाला अगदी चिकटून. त्यांनी वाकून मुळाशी माती चिमटीत घेतली, एकदा त्या कुंड्यांकडे पाहिलं आणि माती खाली टाकली.

"काय झालंय त्याला, मावशी?" लुआने विचारलं.

"झाड आहे. रुसतं कधी कधी," थोआबाई म्हणाल्या आणि टोपीची दोरी नीट करू लागल्या.

"मग आज विचारूच त्याला," दियेन म्हणाले. "बारा वाजता. रीतीप्रमाणे."

रीत सोपी होती. पंचमीला भर दुपारी एकाने झाडावर चढून झाड व्हायचं. दुसऱ्याने खाली कोयता घेऊन दरडावायचं की फळ का देत नाहीस, तोडू का. झाडाने गयावया करायची. या घरात दरडावायचे दियेन, आणि झाड व्हायची आई. तिला ते कधी धड जमलं नाही. 'मालक, नका तोडू' म्हणायचं सोडून ती वरून म्हणे, "अहो, हळू मारा, मुंग्या पडताहेत अंगावर." झाड तरीही फळायचं. ती गेल्यापासून ना कुणी विचारलं, ना झाडाने दिलं.

"वर कोण?" फुओक म्हणाला. "मी चढलो तर तोडायला कोयता लागायचा नाही."

"मी चढेन," थोआबाई म्हणाल्या. "रोज चढते मी झाडांवर."

दियेन कोयत्याची धार तपासू लागले, जी आज लागणारच नव्हती.

लुआने हाताचं पीठ झटकलं. "मी चढते."

ती चढली ती जवळजवळ धावतच. दुबेळक्यात आई बसायची ती जागा गुळगुळीत झाली होती. लाल मुंग्यांनी लगेच पोटरीवर स्वागत केलं. कुंपणापलीकडे दोन शेजारणी आपापल्या चुली सोडून उभ्या राहिल्या.

खोडावर कोयत्याच्या पाठीचे तीन ठोके पडले.

"बोल! तीन वर्षं खातोस, पितोस, आणि फळ एक नाही! तोडू का?"

"नको, मालक, नका तोडू," लुआ पाठ केल्यासारखं म्हणाली.

"मग कारण सांग. पाणी कमी पडलं?"

"पाणी भरपूर आहे."

"खत?"

"खत तर इस्त्रीचा सदरा घालून आणता."

फुओकला खोकला आला. शेजारणींपैकी एकीलाही आला.

"मग कमी काय पडतंय?" दियेननी मान वर केली.

पानांतून लुआने खाली पाहिलं. बाबांच्या टकलाभोवतीचे केस तेलाने चापून बसवलेले होते. ऊन त्यांच्या डोळ्यांत जात होतं, पण ते मान खाली घेत नव्हते. खरोखरच उत्तराची वाट पाहत होते. आईला दर वर्षी इथून हेच तोंड दिसत असणार. त्या टकलावर एक सावली होती. थोआबाईंनी स्वतःची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः भर उन्हात उभ्या होत्या. आपण असं करतो आहोत हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"जागा," लुआ म्हणाली. "मुळांवर कुंड्या आहेत. जीव कोंडतो."

थोआबाईंची मान खाली गेली. त्यांना हे मघाशीच कळलं होतं.



"म्हणजे," दियेन हळू आवाजात म्हणाले, आणि कोयता खाली आला, "आता कुंड्या आणायच्या बंद करू?"

टोपी हवेत तशीच राहिली. फुओकने जाळं बाजूला ठेवलं. मुंग्या लुआच्या गुडघ्यापर्यंत पोचल्या होत्या. तिने त्या झटकल्या नाहीत. तिने खोडावर हात ठेवला, त्या गुळगुळीत जागी.

"अहो," झाड म्हणालं, "दर गुरुवारी एकेक कुंडी काय आणता? थोआबाईंनाच घेऊन या की घरी."