चिमण्यांचा वाटा

हर्षालीने पाकीट दातांनी फाडलं आणि आतला चॉकलेट केक परातीत उपडा केला.

"आता कुस्करायचा," ती म्हणाली. "आई बोटांनी कुस्करते. मिक्सरमधून नाही काढत."

ज्योत्स्नाने मिक्सरचं भांडं हळूच बाजूला सारलं. सुनीलशी लग्न होऊन या घरात आल्यापासूनचा हा तिचा दुसरा नाताळ. एवढ्या दिवसांत पोरीच्या तोंडून आईबद्दल 'करायची' असं एकदाही आलं नव्हतं. आई करते, आई म्हणते, आईला नाही आवडत. हर्षाली पाच वर्षांची असताना भर पावसाळ्यात तिच्या आईला, तृप्तीला, कावीळ झाली आणि ती गेली. त्यालाही आता तीन वर्षं होऊन गेली होती.

शरणपुरातलं हे घर सुनील आणि तृप्तीने मिळून सजवलेलं. ओटा तृप्तीच्या उंचीचा होता, आणि तृप्ती चांगली उंच होती. पोळ्या लाटताना ज्योत्स्नाचे खांदे कानांशी यायचे. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला पाटावर चढावं लागे. चढताना दर वेळी तिला वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे, नुसता हात लांबवून डबा काढून देऊ शकेल असं. पण देत नाही.

"गोळे मी शिकवते तुला," असं हर्षालीच परवा म्हणाली होती. नाताळच्या फराळाच्या ताटात करंज्या, शंकरपाळे सगळ्यांच्याच घरून यायचे, पण चॉकलेटचे गोळे फक्त तृप्तीचे. ती गेल्यापासून ते कुणी केले नव्हते. दुकानातले तयार केक आणायचे, कुस्करायचे, मिल्कमेड घालून मळायचे, गोळे वळून वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचे, वरून खोबऱ्याचा कीस. सोपं काम.

हर्षालीने पहिला गोळा वळला आणि तशीच थांबली. गोळा तळहातावर, नजर खिडकीकडे.

"काय गं?"

"आई आता काहीतरी करते. पहिला गोळा झाला की."

"काय करते?"

पोरीची हनुवटी थरथरली. "मला दिसत नाहीये, मावशी. आई पाठमोरी आहे. वळतच नाही."

ज्योत्स्नाचे हात मिश्रणात रुतलेले. बाहेर शेजाऱ्यांच्या दारात कुणीतरी कागदाची चांदणी टांगत होतं. तिने तृप्तीला फक्त फोटोत पाहिलं होतं. बोलायचं ठरवलं नव्हतं, तरी ती बोलून गेली.

"चिमण्यांना ठेवायची ना ती. पहिला गोळा, खिडकीत."

"तुला काय माहीत?"

"बाबा म्हणाले होते."

हर्षालीने डोळे बारीक केले. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग स्टुलावर चढून तिने तो गोळा गजांच्या मधोमध ठेवला.

"हो," ती म्हणाली. "चिमण्यांना ठेवायची."

ठेवायची. ज्योत्स्नाने तो शब्द ऐकला आणि परातीत खाली मान घालून मळत राहिली.

संध्याकाळी सुनील सातपूरहून कामावरून आला. चपला काढायच्या आत हर्षालीने त्याला गाठलं.

"बाबा, आई पहिला गोळा चिमण्यांना ठेवायची, हो ना?"

ज्योत्स्ना दारात आली. त्याने आपल्याकडे बघावं, आपण डोळ्यांनीच सांगू, मग तो हो म्हणेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"बशीत ठेवायची," तो सावकाश म्हणाला. "निळ्या बशीत. मी विसरलोच होतो."

त्याचे डोळे भरून आले होते. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते दिसत होतं.

त्याने विचारलं असतं, तुला हे कुणी सांगितलं, तर तिने खरं काय ते सांगून टाकलं असतं. त्याने विचारलं नाही. त्यानंतर ओट्याशी वावरताना ती खिडकीजवळची जागा टाळू लागली. आता तिथे खरंच कुणीतरी असायचं. उंच, पाठमोरी, हातात बशी घेतलेली. आधी होती ती तृप्ती तरी होती. ही कोण, हे ज्योत्स्नालाच ठाऊक होतं.

नाताळच्या दिवशी चर्चमधली उपासना आटोपून ते घरी आले, तेव्हा भागीबाई दारात बसल्या होत्या. तृप्तीची आई. लेक गेल्यावरही दर नाताळला त्या घोटीहून एसटीने यायच्या, तांदळाची पिशवी घेऊन. जेवणं झाली. हर्षालीने गोळ्यांचं ताट त्यांच्यापुढे धरलं आणि चिमण्यांची गोष्ट सांगितली. निळ्या बशीसकट. सुनील शेजारी बसून मान हलवत होता.

भागीबाईंनी गोळा तोंडात टाकला. चघळता चघळता त्यांनी नातीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि शेवटी ज्योत्स्नाकडे.

"हां," त्या म्हणाल्या. "ठेवायची."

दुपारी ज्योत्स्ना मागच्या मोरीत भांडी घासत होती. भागीबाई येऊन शेजारी बसल्या आणि घासलेली भांडी विसळायला घेतली.

"आजी, राहू द्या."

"असू दे." त्यांनी एक पातेलं विसळून उपडं घातलं. "तृप्ती पाखरांना लय भ्यायची. लहानपणी कोंबडा अंगावर गेला तिच्या. तवापासून दारात चिमणी आली तरी घरात पळायची. मोठी झाली तरी तसंच."

ज्योत्स्नाचा हात थांबला. राखेचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं.

"मी बनवून सांगितलं," ती म्हणाली. "पोर रडायला लागली होती. तिला आई दिसेना. मला काही सुचलं नाही. पण ह्यांना ते खरं वाटलं, आजी. आता मी कसं सांगू?"

आतून हर्षालीचं हसणं ऐकू आलं, मग सुनीलचा आवाज.

"नगं सांगू," भागीबाई म्हणाल्या. "मला तरी कुठं ती धड आठवती? कोंबड्याचं तेवढं ध्यानात हाय. तिचा आवाज गेला. आई म्हनून हाक कशी मारायची ते गेलं. रोज थोडं थोडं जातंय, पोरी. कुनाला सांगू?"

त्यांनी पदराने हात कोरडे केले. मग जरा सरकून ज्योत्स्नाच्या अगदी जवळ बसल्या. आत ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला.

"चिमन्यांना ठिवायची," त्या म्हणाल्या. "बरं. अन् मग? मग काय करायची ती?"