ताईचं चालणं

चमच्याच्या टोकाशी कोमट पाण्याचा थेंब लोंबत राहिला होता, पडता पडत नव्हता, आणि खाली ताईचे ओठ किंचित उघडे, उजवा कोपरा ओघळलेला, वाट बघत असलेले... अखेर तो पडला. ताईनं गिळला. गिळताना माणसाच्या गळ्यात केवढी उलथापालथ होते, हे धाकटीच्या पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. तिनं पुढचा चमचा भरला. ताईचं पाणी संपल्यावर मग स्वतःचा ग्लास घेऊन ती खुर्चीत बसली आणि घोट घोट पिऊ लागली – पाणी बसून प्यावं, घाई करू नये, पहिला घोट तोंडात जरा फिरवावा.

हे सगळं ताईचं. ताई मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होती. निवृत्त झाली तरी पहाटे उठणं सुटलं नाही, की फिरणं, की घास बत्तीस वेळा चावण्याचं ते वेड. उजेडात जेवायचं, वेळेवर झोपायचं, रागावून कधी अंथरुणावर पडायचं नाही. आणि धाकटी – तिचं नावच ताईनं लोळूबाई ठेवलेलं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत पांघरूण, चहा उभ्याउभ्या, दोन जिने चढली की धाप. दोघींनीही लग्न केलं नाही, एकाच घरात राहिल्या, आणि एकीनं दुसरीला सुधारायचं नि दुसरीनं सुधारायचं नाही यात वर्षं मजेत गेली. मी तुझ्याआधी जाणार, माझा पसारा तूच आवरणार, असं धाकटी हसत म्हणायची. जा की, कोण अडवतंय, असं ताई म्हणायची आणि बुटाची नाडी बांधायला वाकायची.

नाडी बांधतानाच ती कोलमडली. गेल्या वर्षी. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. उरले ते चार-दोन शब्द, तेही तिच्या मर्जीनं येणारे. डॉक्टर म्हणाले, काही वेळा होतं असं. शेजारीण म्हणाली, एवढं जपून काय मिळालं मग... पुढचं धाकटीनं ऐकलं नाही, दार लावून घेतलं.

तेव्हा धाकटीच्या मनात काही नव्हतं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती, तुम्ही त्यांच्यासमोर करा, बघून त्याही करतील. म्हणून ती पलंगासमोर बसून लांब श्वास घेऊ लागली. हात वर, हात खाली. ताई बघायची. तिचे डोळे मात्र पूर्वीचेच, मैदानावरचे – रांगेतली शेवटची मुलगी चुकली तरी कळणारे. मग एके सकाळी ते डोळे दाराशी पडलेल्या बुटांवर जाऊन थांबले ते हटेचनात. धाकटीनं बूट चढवले. सैल होत होते, पुढे कापूस कोंबावा लागला. कोपऱ्यापर्यंत गेली. मग पुलापर्यंत. मग पुलाच्या पलीकडे... कापूस कधी काढला ते आठवत नाही. आता बूट बरोबर बसतात. पावलं पसरतात म्हणे वयानं. पसरत असतील.

तिच्या तपासण्या उत्तम आल्या. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, तुमचं वय मागे चाललंय बघा. आणि त्याच बैठकीत, तोच पेन हातात खेळवत, ताईबद्दल म्हणाले की त्यांचं मात्र उतरत चाललंय, कारण सापडत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी पडली. कुणीतरी त्यांच्यामध्ये काही ठेवायला हवं होतं, एखादा आवंढा, एखादं खाकरणं – कुणी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उठली नाही. पांघरुणात पडून राहिली, पूर्वीसारखी. मी बरी होत असेन तर ते कुणाच्या जिवावर, हा विचार तिथंच पहिल्यांदा शब्दांत आला. आणि पलीकडच्या पलंगावरून आवाज आला – ताई धडधाकट हातानं पलंगाचा गज वाजवत होती, सावकाश, एका ठेक्यात, कवायतीला ठेका देतात तसा. धाकटी उठून बूट घालेपर्यंत तो थांबला नाही.

आज दुकानात गर्दी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर पडली, झाडांच्या सावलीतून चालू लागली, टाच आधी, मग चवडा, हात मोकळे. अंगात कुठं काही खुपत नव्हतं. एवढं बरं वाटणं बरं नव्हे, असं वाटत असतानाच मागून हाक आली.

"बाई!"

तिनं मागे पाहिलं. चाळिशीची एक बाई, हातात भाजीची पिशवी, चेहरा सगळा फुललेला.

"मागून चालण्यावरूनच ओळखलं. शाळा सुटून किती वर्षं झाली, पण ही चाल दुसऱ्या कुणाची असणार?"

मी त्यांची बहीण, असं म्हणायचं होतं. सोपं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"खांदे मागे घे," धाकटी म्हणाली. "किती पोक काढतेस."

आणि ती बाई रस्त्याच्या कडेला शाळकरी मुलीसारखी ताठ झाली, हसली, तिचे डोळे भरून आले. तिनं ऐकलं होतं की बाई अंथरुणाला खिळल्या आहेत, बोलताही येत नाही. ऐकून तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

"लोक काय, काहीही उठवतात," धाकटी म्हणाली, आणि तो आवाज तिला स्वतःच्या कानांच्या मागून आल्यासारखा वाटला.

मग दुपारभर ती काचा पुसत राहिली. गिऱ्हाइकासमोरच्या आरशात स्वतःला बघायचं टाळत राहिली. कुणाचं काय बिघडलं त्यात? एका भल्या बाईला बरं वाटलं. पण एका वाक्यात मी ताईला पलंगावरून उठवलं, रस्त्यावर उभं केलं, चालवलं... मग तेवढा वेळ पलंगावर कोण होतं? ती जागा रिकामी तर राहिली नसणार. कुणीतरी पडून असणार तिथं, छताकडे बघत, चमच्याची वाट बघत. आळशी कुणीतरी. लोळणारी.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. ताईपाशी दिवसभर बसणाऱ्या मावशी चपला घालूनच उभ्या होत्या. जाता जाता त्यांनी सांगितलं की आज दुपारी जरा वेगळंच झालं. जेवणाच्या सुमारास ताईंना दरदरून घाम सुटला, श्वास भराभरा चालू लागला, गाल लाल झाले. घाबरून डॉक्टरांना फोन लावणार तोवर सगळं शांत झालं आणि त्या गाढ झोपल्या. "दमून झोपल्यासारख्या," मावशी म्हणाल्या, आणि धाकटीकडे न बघता जिना उतरल्या.

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. ताई जागी होती.

"पाय," ताई म्हणाली. बऱ्याच वेळानं पुढचा शब्द आला. "दुखले."

उजव्या पायात तर वर्षभर काही कळत नव्हतं. सुई टोचून पाहिली होती. धाकटीनं पांघरूण सारलं आणि पोटरी दाबायला घेतली. मऊ, ओघळलेली पोटरी – सकाळी अंग पुसताना तशीच तर होती. आता बोटांखाली ती कठीण लागत होती, पिळलेली, लांबवर जाऊन आल्यावर होते तशी. की हे आपल्याच बोटांचं कठीणपण? तिनं हात बदलून पाहिला. तसंच.

"ताई," ती म्हणाली, "मी चालणं सोडून देऊ का?"

ताई तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्याची डावी बाजू काहीतरी सांगत होती, उजवी नाही म्हणत होती, किंवा उलटं. ओठ हलले, शब्द आला नाही. आला असता तरी – आणि हे धाकटीला तेव्हाच, पोटरीवर अंगठा फिरवता फिरवता कळलं – आला असता तरी तो ‘हो’ असू नये असं तिला वाटत होतं. हात जोडावेत इतकं वाटत होतं. पुलाच्या पलीकडे रस्ता फुटतो, त्यातला डावा तिनं अजून पाहिला नव्हता; चढ आहे म्हणतात, वर हवा चांगली आहे. पायांना तो आत्ताच लागल्यासारखा वाटत होता, ते पलंगाखाली नकळत हलत होते.

आपण हे काय चाललोय, कुणाचं चाललोय, याची लाज वाटायला हवी. ती येईल म्हणून धाकटी थांबून राहिली. बोटं पोटरी दाबत होती. लाज येईना. श्वास तेवढा येत-जात होता, सावकाश, खोल, पोटापर्यंत पोचणारा.